धुळाक्षरे, तख्ती आणि रंगाचे बोट : मुलांनी मुलांना शिकवण्याचा इतिहास

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा मोठ्यांची नावे लिहितो. कोणी शाळा काढली, कोणत्या साली कायदा झाला, कोणत्या समितीने अहवाल दिला, हे सारे दप्तरात सापडते. पण चार वर्षांच्या मुलाने कात्री कशी धरावी, पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, मातीच्या दोन गोळ्यांच्या मध्ये पाण्याचे बोट लावले की ते नीट जुळतात, हे शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाकडून शिकले तर त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पहिलीत दाखल होणारे मूल हाताचे कितीतरी हुन्नर घरून, गल्लीतून, अंगणवाडीतून घेऊन येते. त्यातले बरेचसे त्याला कोणा बाईंनी किंवा सरांनी शिकवलेले नसते. चाँदरातीला मोठी बहीण धाकटीच्या हातात मेंदीचा कोन देते. तो मागून दाबायचा की मधून, रेघ संपवताना हात कसा उचलायचा, हे ती स्वतःच्या तळहातावर दाखवते. धाकटी आठवड्याभरात तेच वहीच्या मागच्या पानावर मैत्रिणीला दाखवत असते. याच मुली वर्गात एकमेकींच्या वहीत डोकावल्या की आपण म्हणतो, "नक्कल करू नकोस, स्वतःचे काढ." एकाच गोष्टीला घरी तालीम आणि शाळेत नक्कल म्हणायचे, हा भेद आला कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ओसरीतली चार मुले

पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमन प्रवासी 1623 साली गोव्याहून पोर्तुगीज वकिलातीबरोबर दक्षिणेला इक्केरीच्या नायकाच्या भेटीला निघाला होता. वाटेत घाटमाथ्यावरच्या एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुले अंकगणित शिकताना दिसली. मुलांनी फरशीवर बारीक वाळू पसरली होती. एक जण धडा सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिही. बाकीचे त्याच्यामागून तसेच म्हणत आणि लिहीत. वाळू भरली की पुसून पुन्हा पसरायची. शेजारी गुरुजी कोणी नव्हते. प्रवाशाने विचारले, तुमच्यापैकी कोणी विसरला तर चूक कोण दुरुस्त करणार? मुलांचे उत्तर असे की चौघेच्या चौघे एकाच वेळी एकच गोष्ट विसरतील हे शक्य नाही. एक चुकला तर बाकीचे सांगतील, म्हणून तर आम्ही एकत्र बसतो. देल्ला व्हाल्लेला हे उत्तर इतके पटले की त्याने ते 22 नोव्हेंबर 1623 च्या आपल्या पत्रात लिहून ठेवले. पुढे धर्मपाल यांनी 1983 मध्ये देशी शिक्षणावरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा हा प्रसंग पुन्हा वाचकांपुढे आला.

मराठीत या वाळूच्या लिखाणाला स्वतःचा शब्दच आहे, धुळाक्षरे. पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवी. नव्या मुलाचा हात धरून गिरवून घेण्याचे काम बहुतेक वेळा जुनी मुलेच करत. हे शिक्षण लिहिण्याचे असले तरी त्या वयात लिहिणे म्हणजे चित्र काढणेच असते. वळण, रेघ, गोल, जाड आणि बारीक, हे सारे आधी हाताला यावे लागते. धुळीचा मोठा गुण असा की चूक पुसली जाते. पुसता येणाऱ्या जागी एक मूल दुसऱ्याला बिनधास्त शिकवू शकते, कारण कोणाचा कागद वाया जात नाही आणि कोणाची वही बिघडत नाही.

मद्रासची वाळू आणि लंडनचे वर्ग

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडचा पाद्री 1787 मध्ये भारतात आला आणि 1789 पासून मद्रासच्या एग्मोर भागातील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा प्रमुख झाला. तेथील मुले बहुतांशी गोऱ्या शिपायांची आणि देशी आयांची होती. एकदा त्याने मलबारी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली आणि आपल्या शाळेत तेच करावे असे ठरवले. त्याच्या हाताखालच्या पगारी मास्तरांना ते पटले नाही. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन या आठेक वर्षांच्या मुलाकडे सर्वांत लहान वर्ग सोपवला. मास्तरांना जे जमणार नाही असे वाटत होते ते या पोराने करून दाखवले. मग बेलने साऱ्या शाळेतच मुलांकडून मुलांना शिकवण्याची रीत लावली. परत गेल्यावर 1797 मध्ये त्याने लंडनमध्ये या प्रयोगाची पुस्तिका छापली. ही पद्धत तेथे 'मद्रास पद्धत' म्हणूनच ओळखली गेली.

1798 मध्ये जोसेफ लँकेस्टर या क्वेकर पंथाच्या तरुणाने लंडनच्या बरो रोडवर गरीब मुलांची शाळा काढली. तेथेही लहान मुले वाळूच्या मेजावर अक्षरे काढत आणि मोठी मुले 'मॉनिटर' म्हणून त्यांना शिकवत. एका मास्तरावर शेकडो मुले चालवता येतात हे दिसताच सरकार, चर्च, कारखानदार सर्वांना ही पद्धत आवडली. ती युरोपात आणि अमेरिकेत पसरली आणि 1820 च्या दशकात मुंबईच्या एज्युकेशन सोसायट्यांमार्फत 'लँकेस्टरची पद्धत' म्हणून आपल्याकडे परत आली. आमचीच रीत आम्हाला साहेबी नावाने मिळाली, यात विनोद आहे तसे दुःखही आहे.

कारण परत आली तेव्हा ती रीत बदललेली होती. ओसरीतली चार मुले बरोबरीची होती. लँकेस्टरच्या वर्गात मॉनिटर हा हुकूम देणारा होता. त्याला बक्षिसाची तिकिटे मिळत आणि चुकणाऱ्याला लाज वाटेल अशा शिक्षा होत. मुले हुकमाबरोबर पाटी उचलत आणि हुकमाबरोबर खाली ठेवत. मॉनिटरला जेवढे येत होते तेवढेच वर्गाला येई. इंग्लंडमध्येच या पद्धतीवर टीका वाढली आणि 1846 मध्ये तेथे मॉनिटरऐवजी वयाने मोठे, थोडा पगार घेऊन शिकणारे उमेदवार शिक्षक नेमण्याची योजना आली. मुलांनी मुलांना शिकवणे वाईट ठरले म्हणून ही पद्धत पडली असे आम्हाला वाटत नाही. ती पडली, कारण मुलांकडून मोठ्यांचे काम फुकटात करून घेण्याला शिक्षण हे नाव दिले गेले होते.

तख्ती आणि खलिफा

आमच्या मकतबांतही ही रीत होती. उर्दूत 'खलिफा' या शब्दाचा एक अर्थ मकतबातला थोरला शागिर्द, उस्तादाच्या गैरहजेरीत वर्ग सांभाळणारा, असा कोशात दिलेला सापडतो. नव्या मुलाची तख्ती धुणे, तिला मुलतानी मातीचा हात देणे, वाळल्यावर रेघा आखणे, बोरूचे तोंड तिरके कापणे, काजळीची शाई घोटणे, ही सगळी कामे लहान मुले मोठ्या मुलांच्या शेजारी बसून शिकत. उस्ताद 'इस्लाह' देत, म्हणजे अक्षर सुधारून देत. पण ते अक्षर ज्या सामग्रीने काढायचे ती हाताळण्याची कला बरोबरीच्याच मुलांकडून येई.

खत्तातीच्या इतिहासात याला एक सुंदर आधार आहे. बगदादचा वजीर इब्न मुक्ला, ज्याचा मृत्यू 940 मध्ये झाला, त्याने अक्षरांचे माप नुक्त्याने घ्यायची पद्धत रूढ केली असे मानले जाते. बोरू कागदावर तिरका टेकवला की जो चौकोनी ठिपका उमटतो तो नुक्ता. नस्तालीकमध्ये अलिफ तीन नुक्त्यांचा. म्हणजे शेजारच्या मुलाचा अलिफ लांब झाला की आखूड, हे ठरवायला उस्तादाकडे धावायला नको. त्याच्याच बोरूने त्याच्याच अलिफशेजारी तीन ठिपके मांडले की झाले. सहा वर्षांचे मूलही हे माप घेऊ शकते. मोजमाप उस्तादाच्या डोळ्यात राहिले असते तर मुलांना एकमेकांची चूक काढता आली नसती. ते मुलांच्या हातात आले म्हणून दोन शागिर्द आपसात सराव करू शकले. लहान मुलांना काहीही शिकवताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बालोद्यानापासून बोर्डीपर्यंत

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी वेगळी शाळा ही कल्पना जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने रुजवली. 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्याने काम सुरू केले आणि 1840 मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. घडीकाम, कागदाच्या पट्ट्यांचे विणकाम, टोचकाम, मातीकाम या आज आपल्या बालवर्गात सर्रास दिसणाऱ्या गोष्टी त्याच्या शाळेतून आल्या. मारिया माँटेसरीने 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तिने तीन ते सहा वर्षांची मुले मुद्दाम एकाच खोलीत ठेवली. मोठ्या माणसापेक्षा पाच वर्षांचे मूल तीन वर्षांच्या मुलाच्या मनाला जवळचे असते आणि त्याला समजेल असे सांगू शकते, असे तिचे निरीक्षण होते.

माँटेसरीबाई 1939 मध्ये भारतात आल्या. 1940 मध्ये इटली युद्धात उतरताच त्यांचा मुलगा मारिओ याला इंग्रज सरकारने अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध केले आणि बाईंना मद्रासजवळ अड्यारच्या आवारातच राहण्याची अट घातली. ऑगस्टच्या शेवटी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, मारिओची सुटका झाली. पुढे कोडाईकनाल येथे त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या मुलांची छोटी शाळा चालवली. 1946 मध्ये त्या परतल्या तोवर शेकडो भारतीय शिक्षकांनी त्यांच्याकडून प्रशिक्षण घेतले होते.

मराठी मुलखात या विचाराला मातीशी जोडण्याचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. महागडी परदेशी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून दगड, बिया, शिंपले, पाने, माती हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल, यातून अंगणवाडी आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने कोसबाडची 'विकासवाडी' अधिक महत्त्वाची आहे. आदिवासी घरात थोरल्या मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे, म्हणून ती शाळेत येऊ शकत नसे. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. भावंडे एका आवारात आली आणि थोरलीला शिकायला मोकळीक मिळाली. ज्या वारली मुलांसाठी हे चालले होते त्यांच्या घरच्या भिंतींवर गेरूवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची परंपरा होती. लग्नाचा चौक सुवासिनी काढत. मुली ते पाहत मोठ्या होत. चित्रकलेचा वर्ग न भरवता चित्रकला पिढ्यान्‌पिढ्या कशी चालत येते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

जामियातील आपाजान

आपल्या वाचकांनी आवर्जून आठवावे असे एक नाव येथे सांगितले पाहिजे. गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू महिलेची बर्लिनमध्ये शिकणाऱ्या झाकिर हुसैन यांच्याशी ओळख झाली होती. 1933 मध्ये त्या दिल्लीच्या जामिया मिल्लियात आल्या आणि लहान मुलांच्या वर्गात काम करू लागल्या. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्धता सोसावी लागली. 1943 मध्ये त्यांचे निधन झाले आणि जामियाच्याच कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले. जामियाचे पाळणाघर आज त्यांच्या नावाने आहे. उर्दूतून चालणाऱ्या संस्थेत लहान मुलांनी हाताने करून, खेळून शिकावे हा विचार आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी पोचला होता, ही गोष्ट आपण विसरून गेलो.

झाकिर हुसैन यांच्याच अध्यक्षतेखाली 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेने बुनियादी तालीमची समिती नेमली. 1945 नंतर सेवाग्रामात त्याला सात वर्षांखालच्या मुलांसाठी 'पूर्व बुनियादी'ची जोड मिळाली. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 मध्ये तेथे कलाशिक्षक म्हणून आले होते. विदर्भातल्या मातीत हे घडले.

दोन डोळ्यांचा चेहरा

व्हिएन्नात फ्रांझ चिझेक याने 1897 मध्ये मुलांसाठी कलावर्ग काढला. मोठ्यांनी मुलांना चित्रकला शिकवूच नये, मूल आपोआप फुलते, असा त्याचा आग्रह होता. त्या वर्गातील चित्रे जगभर गाजली. पण ती शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्यात एक घराणे दिसते, हे नंतरच्या अभ्यासकांच्या लक्षात आले. मोठ्यांचा हात बाजूला केला तरी मुले एकटी नसतात. ती एकमेकांकडे बघतात.

याचा उलगडा अमेरिकेतील मार्जरी आणि ब्रेंट विल्सन या दांपत्याने केला. इटलीत कोर्राडो रिच्ची याने 1887 मध्ये मुलांच्या चित्रांवर पहिल्या काही पुस्तकांपैकी एक लिहिले. त्या काळच्या मुलांच्या चित्रांत एक गंमत वारंवार दिसते. माणूस बाजूने काढलेला, नाक एका अंगाला, पण डोळे मात्र दोन. पुढच्या काळात हा दोन डोळ्यांचा चेहरा मुलांच्या चित्रांतून जवळजवळ नाहीसा झाला. सर्व मुलांची वाढ एकाच नैसर्गिक क्रमाने होत असती तर असे व्हायला नको होते. विल्सन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मत मांडले की ही रीत लहान मुले लहान मुलांकडून शिकत होती, जशा गाणी आणि खेळ गल्लीत एका पिढीकडून दुसरीकडे जातात. छापील चित्रे घरोघर आल्यावर मुलांना दुसरे नमुने मिळाले आणि ती साखळी तुटली. आपल्याकडे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी आणि नदी हे चित्र कोणत्या पुस्तकातून येते? ते बाकावरच्या शेजाऱ्याकडून येते.

इटलीतच रेज्जो एमिलिया या गावाने या शिकण्याला शाळेत जागा दिली. 1945 मध्ये युद्ध संपल्यावर जवळच्या व्हिला चेल्ला या वस्तीतील लोकांनी जर्मनांनी मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशातून बालशाळा बांधायला घेतली. तरुण शिक्षक लोरिस मालागुझ्झी सायकलवरून ते पाहायला गेले आणि तिथलेच झाले. 1963 मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा निघाली. या शाळांत चित्रकामाची वेगळी खोली असते, कलेचा जाणकार असतो आणि मुले छोट्या गटात काम करतात. एकाला मातीचा घोडा उभा करता आला नाही तर बाई लगेच करून देत नाहीत. ज्या मुलाने पाय जाड करून तो उभा केला त्याच्याकडे त्याला पाठवतात. मुले काय बोलली ते लिहून ठेवतात आणि भिंतीवर लावतात. जी गोष्ट कुठल्याच रजिस्टरात नसते असे आम्ही सुरुवातीला म्हटले, तिची नोंद ठेवणारी ही शाळा.

आपल्या वर्गाचे काय?

या इतिहासातून आपल्या शाळांसाठी तीन गोष्टी निघतात.

पहिली भाषेची. उर्दू माध्यमाची पहिली गाठण्याआधी आमची पुष्कळ मुले मराठी अंगणवाडीत बसतात. घरी दखनी, कुठे कोकणी बोली, अंगणवाडीत मराठी. गोष्ट चालू असते तेव्हा असे मूल मागे पडते. पण ठसेकाम, चिकटकाम, मातीकाम सुरू झाले की त्याला बोलावे लागत नाही. भेंडीचा देठाकडचा तुकडा रंगात किती बुडवायचा हे ते बघून शिकते आणि लगेच दुसऱ्याला दाखवूही शकते. ज्या तासाला ते मूल शागिर्दही होते आणि उस्तादही, तो तास आपण रिकामा वेळ भरण्यासाठी वापरतो. हे मूल वर्गात टिकणार की नाही, हे पुष्कळदा त्याच तासावर ठरते.

दुसरी गोष्ट काही पालकांच्या शंकेची. सजीवांची तसवीर काढू नये असे काही घरांत मानले जाते. त्यावरून वाद घालण्यापेक्षा आपल्या परंपरेतच लहान मुलांना देण्यासारखे किती आहे ते पाहावे. वेलबुट्टी, जाळी, नुक्त्यांची नक्षी, तख्ती, मेंदी हे सारे एका मुलाने दुसऱ्याला शिकवण्याजोगे आहे, कारण त्यात एक आकार पुन्हा पुन्हा येतो आणि चूक मुलालाच दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. अनेक शाळांत एका शिक्षकाकडे दोन दोन वर्ग असतात. अशा वेळी हुशार मुलीला, आणि बहुतेक वेळा ती मुलगीच असते, लहानांच्या वर्गावर बसवले जाते. तिच्या हाती छडी दिली जाते, गप्प न बसणाऱ्यांची नावे लिहायला सांगितली जाते. याला आपण मुलांनी मुलांना शिकवणे म्हणू लागलो तर लँकेस्टरची चूक दोनशे वर्षांनी पुन्हा होईल. घरी धाकट्यांना सांभाळणारी ही मुलगी शाळेतही तेच करत राहते आणि तिचा स्वतःचा धडा बुडतो. रिकाम्या शिक्षकपदाची जागा तिने भरायची नाही. ती जागा सरकारने आणि संस्थेने भरायची आहे.

फरक ओळखणे अवघड नाही. शिकवणारे मूल स्वतःही काम करत आहे का, त्याच्या हातात रंग आहे की छडी, थोड्या वेळाने शिकणाऱ्याची शिकवण्याची पाळी येते का, एवढे पाहिले तरी पुरे. आठवड्यातून एक तास पहिली-दुसरीची आणि अंगणवाडीची मुले एकत्र बसवावीत. मध्ये एक परात वाळू, थोडी माती, दोन रंग ठेवावेत. शिक्षकाने सूचना कमी द्याव्यात आणि कोणी कोणाला काय दाखवले ते वहीत लिहावे, मुलांच्या नावांसह. त्या वहीला खर्च नाही, तिला कोणाची मंजुरीही लागत नाही. देल्ला व्हाल्लेने ओसरीतल्या मुलांचे उत्तर लिहून ठेवले, पण त्यांची नावे लिहिली नाहीत. आपल्या मुलांची नावे तरी आपण लिहू या.